आईला विचारलं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षापूर्वी कॅनडातल्या रिजायनात राहायला आलेल्या एका आईनं विचारलंय: मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे, ३० सप्टेंबरला सगळ्यांनी नारिंगी शर्ट घालून या. चिठ्ठीत इथल्या आदिवासींच्या निवासी शाळांचा उल्लेख आहे. मुलगी दुसरीत आहे, तिला काय सांगू? आणि मिस्टर म्हणतात, ‘मी स्वतः पाचवीपासून वसतिगृहात राहून शिकलो. आपल्याकडे आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आहेतच. मुलं शिकली, त्यात एवढं दुःख करण्यासारखं काय?’ त्यांना काय सांगू?

मी अक्राणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर चार वर्षं शिक्षिका होते. आता तो भाग नंदुरबारमध्ये येतो, तेव्हा धुळे जिल्हाच होता. पुढे इथे, रिजायना ज्यात येतं त्या सास्काचेवान प्रांतात, एकोणीस वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं अशा शाळेत जिथली निम्म्याहून अधिक मुलं क्री आणि मेटी या इथल्या आदिवासी समाजांच्या घरांतली होती. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचा प्रश्न मला परका नाही. इथे आले त्या वर्षी मी तोच विचारला होता. ज्यांना विचारला, त्या बाई स्वतः अशा एका शाळेत सात वर्षं काढून बाहेर पडलेल्या होत्या. त्यांच्याकडे येतेच, पण आधी शर्ट, कारण मुलीला तीच गोष्ट सांगायची आहे.

फिलिस वेबस्टॅड नावाच्या बाई आहेत, ब्रिटिश कोलंबियातल्या. १९७३ मध्ये त्या सहा वर्षांच्या होत्या आणि आजीजवळ वाढत होत्या. विल्यम्स लेक गावाजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन या निवासी शाळेत जायची वेळ आली, तेव्हा आजीनं त्यांना दुकानात नेलं. नातीनं चकचकीत नारिंगी शर्ट पसंत केला, पुढून दोरीनं बांधायचा. शाळेत पाऊल टाकलं त्याच दिवशी अंगावरचे कपडे काढून घेतले. तो शर्ट पुन्हा अंगावर आला नाही. चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांनी ही गोष्ट लोकांसमोर सांगितली आणि नारिंगी शर्टाचा दिवस सुरू झाला. २०२१ पासून कॅनडा सरकार हा दिवस ‘सत्य आणि सलोखा दिवस’ म्हणून पाळतं.

आता वसतिगृहाचं बोलू. तुमच्या मिस्टरांना पाचवीत वसतिगृहावर कोण सोडून आलं? बहुधा वडील, एसटीच्या टपावर ट्रंक टाकून. दिवाळीला ते घरी आले असतील. तिथे नाहीच जमलं असतं तर वडिलांनी परतही आणलं असतं, आणि त्यासाठी त्यांना पोलीस पकडायला आले नसते. रडू आलं असेल, जेवण वाईट असेल, एखादा रेक्टर मारकुटा असेल. तरी मुलाला तिथे ठेवायचं हे घरानं ठरवलं होतं आणि मोडायचं असतं तर तेही घरच्याच हातात होतं. सगळा फरक इथे आहे.

कॅनडातल्या शाळा मुळात घराच्या विरोधात उभारल्या. १८७९ मध्ये निकोलस फ्लड डेव्हिन यांनी अमेरिकेतल्या तशा शाळा पाहून सरकारला अहवाल दिला. १८८३ मध्ये पंतप्रधान जॉन मॅकडॉनल्ड यांनी संसदेत उघड सांगितलं, की मूल वस्तीतल्या शाळेत शिकलं तर ते आईबापांजवळच राहतं आणि त्यांच्यासारखंच होतं, म्हणून त्याला आईबापांच्या प्रभावातून बाहेर काढायला हवं. शाळा चर्चनं चालवायच्या, पैसा सरकारनं द्यायचा. १८८५ नंतर पश्चिमेकडच्या प्रेअरी भागात पासची पद्धत आली: राखीव वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर सरकारी एजंटाकडून चिठ्ठी घ्यायची. म्हणजे पोर शाळेत अडकलेलं आणि आईबाप वस्तीत. तरीही लोक येत. तुमच्या रिजायनापासून तासाभराच्या अंतरावर क्वापेलचं खोरं आहे, तिथल्या शाळेबाहेर आईबाप टीपी तंबू ठोकून राहत, पोरं निदान लांबून दिसावीत म्हणून. १९२० मध्ये कायदाच झाला: सात ते पंधरा वयाच्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं, आणि कोणत्या शाळेत ते सरकार सांगणार. तो कायदा करताना डंकन कॅम्बेल स्कॉट या बड्या अधिकाऱ्यानं हेतूही लपवला नाही, ‘इंडियन प्रश्न’ (इंडियन म्हणजे इथले आदिवासी) कायमचा संपवायचा असं तो म्हणाला. दीड लाखाहून जास्त मुलं या शाळांमधून गेली.

त्या बाईंची गोष्ट आता सांगते. आमच्या शाळेत त्या दर गुरुवारी यायच्या, पगारी नाही, अशाच. सगळी मुलं त्यांना कोकुम, म्हणजे आजी, म्हणायची. मधल्या सुट्टीत ज्या मुलीला हवी तिची त्या वेणी घालून द्यायच्या. शाळेत एकदा उवा झाल्या आणि आम्ही मुलींना घरी पाठवायच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. मी सहज म्हटलं, ‘आमच्याकडे आश्रमशाळेत जूनमध्ये न्हावी बोलवायचे आणि पहिलीच्या सगळ्या मुलींचे केस एका दिवसात कापून टाकायचे, प्रश्नच संपायचा.’

बोलता बोलता मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. पाऊस धो धो पडत होता, व्हरांड्यात न्हावी उकिडवा बसला होता आणि मुलींना ओळीनं पुढे सरकवणारी मी होते. एका पावरा मुलीची वेणी लाल दोऱ्यानं गुंडाळलेली होती. कापून खाली पडली तशी तिनं ती उचलली आणि मुठीत घट्ट धरली. मी सोडवायला गेले तर सोडेना, म्हणून राहू दिली. रात्री तिनं ती ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. बाजाराच्या दिवशी तिची आई आली. ओळीतून मुलगी पुढे आली तरी आईची नजर दुसरीकडेच शोधत होती. मग ओळख पटली. मी मराठीत समजावलं, उवा होत्या, केस पुन्हा येतील. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी येत नव्हतं. ती पायरीवर बसली आणि मुलीच्या खरखरीत डोक्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

कोकुमनी सगळं ऐकून घेतलं. हातातली वेणी पुरी केली, रबर लावलं आणि विचारलं, ‘तिच्या आईला विचारलं होतं का?’

मी नाही म्हटलं.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांच्या लोकांत घरातलं कुणी गेलं की केस कापायचे. शाळेत पहिल्या दिवशी नन्सनी त्यांच्या दोन्ही वेण्या कापल्या तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, आणि त्यांना वाटलं आई मेली. कुणाला विचारणार? क्रीमध्ये बोललं की मार, आणि इंग्रजी अजून येत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात घरी पाठवलं तेव्हा आई दारात उभी दिसली. दहा महिने एका पोरीनं जिवंत आईचं सुतक पाळलं होतं.

माझा मूळ प्रश्न होता, मुलं शिकली त्यात वाईट काय. त्यांचं उत्तर हेच, त्यांनी वेगळं काही दिलं नाही. तेव्हापासून शाळा इथली असो की आपल्याकडची, मी हे एक धरून बघते: आईला विचारलं होतं का?

मृत्यूंबद्दल तुम्ही बातम्यांत वाचलं असेलच. कॅमलूप्सच्या शाळेच्या आवारात २०२१ मध्ये जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारनं पाहणी झाली आणि सुमारे दोनशे ठिकाणी थडगी असण्याची शक्यता दिसली. तिथे उत्खनन झालेलं नाही, आणि एवढ्यावरून काही लोक म्हणू लागले की हे सगळंच रचलेलं आहे. त्या वादात पडायची गरजच नाही, कारण मुलं मरत होती हे सरकारच्याच डॉक्टरानं १९०७ मध्ये लिहून ठेवलंय. पीटर ब्राइस त्यांचं नाव. पंधरा शाळांची माहिती मागवली तर नोंद झालेल्या दीड हजार मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मुलं दगावलेली निघाली, मुख्यतः क्षयानं. सास्काचेवानमधल्या फाइल हिल्सच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी ६९ टक्के गेलेले होते. हवा खेळती ठेवा, आजारी मुलं निरोगी मुलांबरोबर झोपवू नका, एवढंच ते मागत होते. सरकारनं अहवाल बाजूला ठेवला. ब्राइस यांनी निवृत्तीनंतर, १९२२ मध्ये, स्वतःच पुस्तिका छापली आणि तिच्या नावातच याला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं. विनिपेगमधल्या सत्य आणि सलोखा राष्ट्रीय केंद्राच्या स्मरणयादीत आज चार हजारांहून जास्त मुलांची नावं आहेत.

त्यातला एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. चेनी वेनजॅक, वय बारा. ऑक्टोबर १९६६ मध्ये तो केनोराच्या शाळेतून पळाला आणि रेल्वेच्या रुळांवरून घराकडे चालत निघाला. घर सहाशे किलोमीटर दूर होतं. अंगात पातळ विंडचीटर होतं आणि खिशात काचेच्या छोट्या बरणीत काड्यापेटीच्या थोड्याशा काड्या. काही दिवसांनी तो रुळांजवळ थंडीनं मेलेला सापडला. अक्राणीत आमच्याकडूनही मुलं पळायची. हजेरीत कमी भरलं की आम्ही म्हणायचो ‘पोरगं पळालं’, शिपायाला पाठवायचो, तो डोंगर चढून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन यायचा. पळून जाणं हे त्या मुलाचं बोलणं आहे, असं तेव्हा आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

सगळ्या शाळा सारख्या होत्या, प्रत्येक शिक्षक क्रूर होता, असं मी म्हणणार नाही. मायाळू बाई भेटल्याचं, हॉकी खेळायला मिळाल्याचं, वाचता यायला लागल्याचं सांगणारी माणसंही आहेत, आणि या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगानं त्यांचंही ऐकून घेतलं. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर या आयोगाचे अध्यक्ष होते, ते स्वतः आदिवासी. आयोगानं साडेसहा हजारांहून जास्त लोकांच्या साक्षी नोंदवल्या आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. तुमच्या मुलीच्या वर्गात हा विषय आला तो त्यातूनच. शाळांमधला लैंगिक अत्याचार, उपासमार, मारहाण हे सगळं त्या नोंदींत आहे. सातव्या वर्षी मुलीला ते सांगू नका, तुम्ही मात्र वाचा.

मला माझ्या कामात जास्त भेटलं ते नंतरचं. पनिची गावाजवळची गॉर्डन शाळा १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप तिथे शिकलेले असू शकत होते. सुरुवातीला पालकसभेला ही मंडळी यायचीच नाहीत. मी माझ्या वहीत ‘पालक उदासीन’ असं लिहून मोकळी व्हायचे. मग एकदा उणे पंचवीसच्या थंडीत संध्याकाळी गाडीकडे जाताना पाहिलं, एका मुलाचे वडील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसले होते. पाऊण तास. सभेसाठीच आले होते, पण शाळेचं दार ओलांडवत नव्हतं. मी काचेवर टकटक केली, त्यांनी दार उघडलं, आणि त्या मुलाच्या गणिताची वही आम्ही गाडीतल्या दिव्याखाली पाहिली. पुढे मी सभाच बदलली. कुणाच्या घरी, कुणाला कॉफीच्या दुकानात, कुणाला त्यांच्या ट्रकमध्ये भेटायला लागले. वहीतला तो शेरा मी पुन्हा कधी कुणाबद्दल लिहिला नाही.

दुसरं नुकसान भाषेचं. क्रीमध्ये नुसतं ‘आजी’ म्हणता येत नाही. आजी कुणाची ते त्या शब्दातच येतं: नोहकोम म्हणजे माझी आजी, कोहकोम म्हणजे तुझी आजी. कुणाचीच नसलेली आजी त्या भाषेत बसत नाही. आपल्याकडे नाम पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी ते बघतात, तसं क्रीमध्ये ते सजीव की निर्जीव ते बघतात आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. दगड सजीवात मोडतो. आता माझ्या वर्गातली मुलं इंग्रजीत काय म्हणायची? ‘माय कोकुम.’ शब्दशः बघितलं तर ‘माझी तुझी-आजी’. शब्द उरला, त्यातलं नातं निसटलं. आजीला मारून भाषा सोडायला लावलेली, आईला आजीनं ती शिकवलीच नाही, पोरीला मार बसू नये म्हणून. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या १८ लाख आदिवासींपैकी स्वतःची भाषा बोलू शकणारे अडीच लाखांच्याही आत होते.

इथे मराठी घरांतून एक वाक्य हमखास येतं, ‘आमच्या मुलांचंही मराठी चाललंयच की.’ चाललंय, आणि मला त्याची हळहळ वाटते. पण आपल्याला मराठी बोलल्याबद्दल या देशात कुणी पट्ट्यानं मारलेलं नाही. शिवाय मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त होते, मनात आणलं तर नातीला पुण्याला पाठवता येतं. क्रीला दुसरं माहेर नाही.

आता आश्रमशाळांचं, तेही मोकळेपणानं. त्या आदिवासी संपवायला काढल्या नाहीत. ठक्कर बाप्पांनी दाहोदला १९२२ मध्ये भील सेवा मंडळ काढलं तेव्हापासून त्यामागे सेवेची ओढ होती, आणि जिथे डोंगरात पाड्यापाड्यांवर शाळाच नव्हती तिथे त्यांनी पहिल्या पिढीला अक्षर दिलं. माझे विद्यार्थी आज शिक्षक आहेत, एक नर्स आहे, दोघं ग्रामसेवक आहेत. आईबाप स्वतः मूल आणून सोडतात. म्हणून ‘दोन्ही एकच’ असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही.

पण कोकुमचा प्रश्न तिथेही लावून बघा. पहिलीच्या पोराला कळणाऱ्या भाषेत कुणी बोलतं का? आम्ही बोलत नव्हतो, पावरीत बोललं तर वर्गाबाहेर उभं करत होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो. दाखल्यावर नाव चढवताना मुलाचं घरचं नाव आम्हाला नीट ऐकू येत नसे, मग सोपं मराठी नाव लिहून टाकत होतो. आणि मुलं तिथेही मरतात, सर्पदंशानं, तापानं, वेळेवर दवाखाना न मिळाल्यानं. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांमधल्या मृत्यूंचा अभ्यास डॉ. सुभाष साळुंखे समितीनं २०१६ मध्ये केला, तेव्हा पंधरा वर्षांतला आकडा हजारावर गेलेला होता. ब्राइसचा अहवाल वाचताना मला हेच आठवत होतं. हेतू चांगला असला म्हणून रात्री तापलेल्या मुलाजवळ माणूस आपोआप येत नाही, तो नेमावा लागतो.

उलट दिशेनं जाणाऱ्या शाळाही आपल्याकडे झाल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. गडचिरोलीत मोहगावच्या परिसरातल्या ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली, तर शिक्षण खात्यानं ती नियमात बसत नाही म्हणून बंद करायला सांगितलं. याबाबतीत आपल्याला कॅनडाकडून शिकण्यासारखं आहे. अल्बर्टात ब्लू क्विल्स नावाची निवासी शाळा होती. १९७० च्या उन्हाळ्यात आसपासचे लोक तिथे ठाण मांडून बसले आणि ती आमच्या ताब्यात द्या म्हणाले. सरकारला द्यावी लागली. ज्या इमारतीत क्री बोलण्याबद्दल मार बसायचा तिथे आज आदिवासींचं स्वतःचं विद्यापीठ आहे आणि क्री शिकवली जाते. नोव्हा स्कोशियात मिगमॉ समाजानं नव्वदच्या दशकाअखेरीस शाळांचा कारभार हातात घेतला. तिथली बारावी पूर्ण करणारी मुलं आता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहेत. देशातल्या आदिवासींमध्ये हे प्रमाण फार वरचं आहे.

मुलीकडे येते. शर्ट नवा घेतलाच पाहिजे असं नाही, घरातला केशरी कुर्ताही चालेल. घ्यायचाच असेल तर आदिवासी चित्रकारानं काढलेलं चित्र असलेला आणि पैसे त्या लोकांकडे जाणारा घ्या. डोक्याला पिसं वगैरे लावून पाठवू नका, तो वेश गंमत म्हणून घालायचा नसतो. मिस्टरांना म्हणावं, एक शनिवार काढून सगळे मिळून क्वापेलच्या खोऱ्यात जाऊन या.

गोष्ट मात्र मराठीत सांगा, रात्री झोपताना. ‘तुझ्याएवढी एक मुलगी होती. आजीनं तिला नवा शर्ट घेतला. शाळेत गेली तर शर्ट काढून घेतला, आणि तिला आजीकडे जाऊ दिलं नाही. आता ती मोठी झाली आहे आणि म्हणते, कुठल्याच मुलाला असं वाटायला नको.’ सातव्या वर्षाला एवढं पुरतं.

ती लगेच विचारेल, मग आजीनं तिला पाठवलंच कशाला? माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी हे विचारायचंच. खरं तेच सांगा. आजीला कुणी विचारलं नव्हतं. मग ती तुमच्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहील. दिवा घालवायची घाई करू नका.